तवशाच्या शेजारी रोजां

रविवार, ८ जून

शी! पहिल्या पानावर देवाचं नाव घालायचं सोडून मी शी लिहिलं. पण आज दुसरं काही सुचतच नाही. हात साबणानं धुतले, चिंचेनं घासले, राखेनं चोळले, तरी बोटं एकमेकांना चिकटतायत. सकाळी परसात बालदी उचलायला गेले आणि बालदीच्या बुडाखाली हात घातला तर काहीतरी गार, ओलं, मऊ. मुठीएवढी गोगलगाय! आमच्या लहानपणी गोगलगाय म्हणजे नखाएवढी, पावसात पानावर बसलेली गरीब बिचारी. ही कुठल्या देशातून आली देव जाणे. पाठीवर शंख घेऊन चालते आणि मागे शेंबडाची वाट सोडते. मी एवढ्यानं ओरडले की पोदेर पाव द्यायचं सोडून सायकल टाकून धावत आला.

ही वही गौरवीनं दिली. गौरवी माझी नात, सुदेशची मुलगी, तुयेला कंपनीत कामाला जाते. कोरगावात एवढी शहाणी पोर दुसरी नाही, आणि हे मी आजी म्हणून लिहीत नाही, बघणारे सगळे म्हणतात. तिनं ह्या वर्षी परस हातात घेतलंय. म्हणते, "आजये, कुठल्या झाडाशेजारी कुठलं झाड लावलं की कोणाचं कोणाशी पटतं ते आपण बघूया. तू रोज लिही."

मी म्हटलं, "बाय, मी चौथी शिकलेली. माझं नाव सरस्वती ठेवलं, तेवढीच सरस्वती आमच्या घरात आली."

"मग तेवढीच लिही."

तर लिहिते. बोलायची कोंकणी, लिहायची मराठी, मास्तरांनी तसंच शिकवलं होतं. चुका झाल्या तर मास्तर आता वरून काय करणार?

मधल्या वाफ्यात तवशें, म्हणजे काकडी, लावलं. लावलं म्हणजे, जे होतं ते सगळं. ह्यांनी (कृष्णनाथ, माझे घरवाले) राखेत घालून बाटलीत ठेवलेलं बी. तवशाची ही जात त्यांच्या आजोबांपासून घरात आहे, हातभर लांब, पोटाकडे पिवळं. चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधली की मधोमध, गणपतीच्या मुकुटाच्या बरोबर वर, हेच तवशें लोंबायचं. ते स्वतः शिडीवर चढून बांधायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. दोन वर्षांमागे ते आजारी, परसात कोणी उतरलं नाही. गेल्या वर्षी घरात दुःख, तेव्हाही नाही. बाटलीत चिमूटभर बी उरलं होतं, तेही जुनं. रुजलं तर रुजलं. नाही रुजलं तर ह्यांचं तवशें संपलं.

आणि त्या तवशाभोवती गौरवीनं काय लावावं? एका बाजूला मको, म्हणजे मका, एका बाजूला अळसांदे, म्हणजे चवळी, आणि चारी बाजूंना रोजां! म्हणजे झेंडू. भाजीच्या वाफ्यात फुलं! मेच्या महिन्यात पिशव्यांत केलेली रोपं, चांगली वीतभर झालेली. मी म्हटलं, ही काय कोणाच्या मेंगणीची, साखरपुड्याची तयारी? ती म्हणाली, "अळसांदे जमिनीला खाऊ घालतात, मको सावली देतो, रोजां किडींना बघून घेतात." रोजांचा वास मला मुळीच आवडत नाही. देवाच्या गळ्यात असतात म्हणून काही बोलता येत नाही, एवढंच.

रविवार, १५ जून

तीन रुजली! तीनच, पण रुजली. मी गौरवीच्या गालाला हात लावून कडाकडा बोटं मोडली.

पण त्या पोरीनं घरात जी घाण आणलीय ती आता लिहितेच. बांगड्याची डोकी आणि आतडी गुळात घालून बरणीत बंद करून विहिरीच्या कठड्यामागे ठेवली होती. आज उघडली. मी आयुष्यभर मासे साफ केले, मला माशाचा वास म्हणजे काही नाही. पण हा वास मासा नव्हे. हा माशाच्या पापाचा वास. मनीषा, माझी सून, अंगणवाडीतून येऊन दारातूनच परत फिरली.

"हे पाण्यात घालून तवशाला घालायचं," गौरवी म्हणाली.

"गणपतीच्या तवशाला बांगडा?"

"आजये, शेण चालतं?"

"शेण गाईचं!"

"बांगडा तरी कोणाचा, सैतानाचा?"

असं तोंड वर करून बोलते! हसायला आलं, पण मी हसले नाही. शेवटी तवशाच्या तीन वेलांना नको, बाकी सगळ्यांना चालेल असं ठरलं. मको आणि अळसांद्यांना बांगडा, तवशाला शेण. अळसांद्यांनी नाक मुरडलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

रविवार, २९ जून

दोन आठवडे लिहिलं नाही, गुडघा.

गोगलगायी वाढल्या. सकाळी उठून बघावं तर रोजांवर ह्या लटकलेल्या. पान खातात ते ऐकू येतं, खरंच, जवळ कान नेला तर करकर. तोंड आहे की नाही दिसत नाही, नुसती लवलवती जीभ आणि वर दोन शिंगं, शिंगांच्या टोकाला डोळे. आणि डोळे आत घेतात! असं बोटासारखं आत ओढून घेतात. मला ते बघून चहा गेला नाही. दुसऱ्यांदा बघायला गेले, तेव्हाही गेला नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा गौरवी म्हणाली, "आजये, आवडतात गो तुला."

थू.

ती मिठाच्या बालदीत टाकते त्यांना. बालदीत फेस येतो, हिरवट पांढरा. तो फेस बघितल्यापासून मी सोलकढीला शिवलेले नाही.

शनिवार, १२ जुलै

वेल माटवावर चढले. पिवळी फुलं आली. सुदेश मुरगावहून आला, धक्क्यावर कामाला असतो, शनिवारी येतो. आला तो वेलाखाली उभा राहून फुलं मोजायला लागला. अगदी बापासारखाच.

आज भिंतीपलीकडून बोलणं झालं. माझ्याशी नाही. पद्मा माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी बोलत नाही. पद्मावती, माझी धाकटी जाव, धाकट्या दिराची, गोकुळदासची बायको. आमचं तिचं परस एकच होतं, मधे कमरेएवढी भिंत घातली. ती तिच्या कुत्र्याशी बोलते, मी माझ्या तांबड्या कोंबडीशी.

ती कुत्र्याला म्हणाली, "मोत्या, बघ रे, लोकांनी भाजीत रोजां लावलीत. लग्न आहे वाटतं काकडीचं."

मी कोंबडीला म्हटलं, "लग्न असलं तरी ज्यांना आमंत्रण नाही त्यांनी तोंड का घालावं, तांबडे?"

"मोत्या, तुला म्हणतात रे."

"कोंबडीला कळतं, कोणाला म्हटलं ते."

मग ती आत गेली. भांडी जोरात आपटली. मला बरं वाटलं.

का बोलत नाही ते लिहून ठेवते, नाहीतर गौरवी मला भांडखोर म्हणेल. ह्यांचं शेवटचं वर्ष. ते खाटेवर. परसात काही नाही म्हणून सुदेशनं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तवशें आणलं, ते माटोळीला बांधलं. गणपती थोरल्याच्या घरी म्हणजे आमच्याकडे, तेव्हा सगळं घराणं जमलेलं. पद्मा दारात आली, वर बघितलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "बाजारचं बांधलं?" एवढंच. खाटेवर पडलेल्या माणसाला ते ऐकू गेलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दिवाळीला गेले. माझ्या मनात तो शब्द अजून आहे, आणि तिच्या तोंडाकडे बघितलं की मला तो फेस आठवतो.

शुक्रवार, २५ जुलै

श्रावण लागला. घरात मासळी बंद, पेज आणि लोणचं.

आणि मी गौरवीला सांगितलं, श्रावणात मिठाची बालदी बंद. जीव मारायचा नाही. ती म्हणाली, "आजये, तू त्यांना बघून थुंकतेस." मी म्हटलं, थुंकणं वेगळं, मारणं वेगळं.

मग तिनं म्हटलं, बरं, पकडून व्हाळापलीकडे, ओढ्याच्या त्या अंगाला, नेऊन सोडू. आणि बसली पायरीवर नखांचा रंग घेऊन. डाळिंबी रंग, तिच्या मैत्रिणीच्या लग्नात लावलेला. एकेका गोगलगायीच्या शंखावर एकेक ठिपका! म्हणते, "परत येतात का बघूया. ह्यांना घरची वाट कळते म्हणतात." मला एवढी किळस आली की काय सांगू. नटलेल्या गोगलगायी! बालदीभर! एक बालदीच्या कानावर चढून डाळिंबी ठिपका मिरवत बसली, जणू म्हापशाला निघाली.

गौरवीची बस आली. बालदी मी नेते म्हटलं.

सोमवार, २८ जुलै

शुक्रवारी बालदी नेली. व्हाळ लांब. वाट शेवाळलेली. गुडघ्याचं मी लिहिलंच आहे. मी भिंतीपर्यंत गेले.

भिंतीच्या पलीकडे जागा भरपूर आहे. केळीच्या गड्ड्यापाशी ओल असते, त्यांना ओल आवडते. मारलं नाही, श्रावण मोडला नाही. थप्प, थप्प असे आवाज आले. मोत्या भुंकला. मी लगेच वाकले.

आज सकाळी रोजांवर डाळिंबी ठिपका! गौरवी नाचायलाच लागली. "आजये! व्हाळ ओलांडून आली! पाण्यातून!"

"शहाण्या आहेत," मी म्हटलं.

"आश्चर्य आहे गो! मी कंपनीत सगळ्यांना सांगणार."

सांग बाय. मी पुन्हा बालदी उचलली. रोज सकाळी, पद्मा देवळात जाते तेव्हा.

शनिवार, २ ऑगस्ट

गौरवी कंपनीच्या कामाला पुण्याला गेली, आठवडाभर. घर सुनं सुनं. तिची चप्पल दारात दिसली की मी ती सरळ करून ठेवते.

वेलांना तवशीं धरली. एक तर चांगलं कोपराएवढं झालंय, पोट पिवळं व्हायला लागलंय. मी त्याला फडकं गुंडाळून दोरीनं माटवाला टांगलं, जड होऊन देठ तुटू नये म्हणून. सुदेशचे बाबा असंच करायचे.

पण रोजां बघवत नाहीत. पानं जाळी झालीत, फुलं अर्धी खाल्लेली, देठांवर शेंबूड सुकून चकाकतोय. सगळ्या गोगलगायी तिथेच. तवशावर एक नाही, मकोवर एक नाही, सगळ्या रोजांवर मेजवानीला बसलेल्या. म्हणजे ह्यांना बोलावणारं कोण? रोजां! मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते. किडींना बघून घेतात म्हणे! बघून घेतलं, घरी बोलावून जेवायला वाढलं.

आज सगळी उपटली. मुळासकट. हाताला तो कडू वास आणि तो चिकटपणा दोन्ही मिळून जे झालं, ते मी पाटावर बसून तीन वेळा आंघोळ केली तरी नाकातून जात नाही. पण वाफा कसा स्वच्छ दिसतो! एक मको, एक अळसांदे, एक तवशें. गौरवीला आल्यावर दाखवते. मी शाळा शिकले नाही, पण डोळे आहेत.

मंगळवार, ५ ऑगस्ट

लिहू का नको.

सकाळी गेले. फडक्यातून काहीतरी गळत होतं. सोडलं. मोठं तवशें आतून पोखरलेलं, बिया कोवळ्या, पांढऱ्या, शेंबडात तरंगत होत्या. आत एक बसलेली होती. डोळे बाहेर काढून माझ्याकडे बघत. शिंगांवरचे ते डोळे.

मी ओकले. तिथेच अळसांद्यांत.

दोन वेल बुंध्यापासून खाल्लेत. तिसरा उभा आहे. तिसऱ्यावर आज राख टाकली, पाऊस आला, वाहून गेली. पुन्हा टाकली.

हे सगळं भिंतीपलीकडून येतं. पद्माचं परस कधी बघितलंय कोणी? नुसता पालापाचोळा. केळीच्या गड्ड्यात तर गोगलगायींची वस्ती असणार. बाईनं कधी एक उचलून टाकली असेल? आळशी.

रविवार, १० ऑगस्ट

गौरवी काल आली. सगळ्यांना पुण्याहून बाकरवडी. मला वेगळी, कमी तिखट. वाफा बघितला. रोजांची जागा बघितली.

"आजये, रोजां कुठे?"

"उपटली. तीच त्यांना बोलावत होती."

ती पायरीवर बसली. रागावली नाही, ते वाईट. हळू आवाजात म्हणाली, "बोलावण्यासाठीच लावली होती. त्यांना रोजां तवशापेक्षा जास्त आवडतात. तिथे गोळा व्हाव्या, आपण तिथून उचलाव्या, आणि तवशाकडे बघू नये. तेच ताट होतं त्यांचं. तू ताट उचललंस, मग त्या भुकेल्या कुठे जाणार?"

"हे आधी सांगायचं."

"सांगितलं होतं गो. तू 'किडींना बघून घेतात' एवढंच ऐकलंस."

मग ती म्हणाली, "पण एवढ्या आल्या कुठून? मी गेले तेव्हा कमी झाल्या होत्या. तू बालदी व्हाळाकडेच नेत होतीस ना?"

"मग कुठे?"

तिनं बघितलं माझ्याकडे. ह्यांचे, तिच्या आजोबांचे डोळे आहेत तिला, अगदी तसेच. मी म्हटलं दूध उतू जातंय. दूध नव्हतंच चुलीवर.

रविवार, १७ ऑगस्ट

तिसरा वेल गेला. खाल्ला नाही, बुंधा कुजला. राख आणि पाऊस, चिखल झाला बुंध्याशी. माझ्याच हातानं टाकलेली राख.

बाटली पालथी करून बघितली. राखेत बोट फिरवलं. काही नाही. एक टरफल होतं, त्याला मी बी समजले.

सुदेशला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, जाऊ दे, बाजारातून आणू." मी फोन ठेवला.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

म्हापसा. माटोळीचा बाजार, मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. गौरवीनं रजा घेतली, स्कूटरवर मागे बसवून नेलं, मी तिच्या कमरेला धरून डोळे मिटून. नारळाचा घोस, सुपारीचे घड, कांगलां, घागऱ्या, निरफणस, सगळं घेतलं. रानातली ती लाल फळं कोणी बाई पेडण्याच्या डोंगरातून घेऊन आली होती, तीही.

तवशीं होती ढिगानं. सगळी एका मापाची, हिरवीगार, अंगाला तेल लावल्यासारखी. विकणारा म्हणाला, "घे गो माये, घाटावरचं फ्रेश." मी एक हातात घेतलं. हाताला ते गुळगुळीत लागलं आणि मला एकदम त्या फडक्यातलं आठवलं. ठेवून दिलं. "बुरसटलंय," म्हटलं. त्याला राग आला, "आजी, तुझ्या चष्म्याला बुरशी आलीय!" लोक हसले. गौरवीही हसली. मी हसले नाही.

तवशाशिवाय आले. माटोळीला मधोमध काय बांधायचं ते मला माहीत नाही. पद्मा येणार, दारात उभी राहणार, वर बघणार. ह्या वर्षी तिला बोलायलासुद्धा काही लागणार नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आज तय, हरतालिका. उद्या चवथ. घरभर लोक.

सुदेश शिडीवर. माटोळीची चौकट वर टांगलेली, कडेनं नारळ, सुपारी, सगळं बांधून झालं. मधोमध जागा मोकळी. मी म्हटलं तिथे निरफणस बांध. सुदेश म्हणाला, "बाबांची जागा ती." म्हणाला आणि तसाच उभा, सुंभ हातात घेऊन.

तेवढ्यात दारात पद्मा.

हातात सुपली, वर केळीचं पान झाकलेलं. आत आली. मोत्या नाही, कोंबडी नाही, सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "वयनी, हे बांधा."

पान काढलं. तवशें. हातभर लांब, पोटाकडे पिवळं. एका बाजूनं किंचित खाल्लेलं, पण ते वरवर, साल तेवढी. मला ओळखायला डोळे लागले नाहीत, वासानं कळलं.

"हे कुठलं?"

"भावजींनी दिलेलं बी. भिंत घालायच्या आधी दिलं होतं. मी दर वर्षी लावते, घरापलीकडे, भिंतीवरून दिसत नाही तिथे. गेल्या वर्षी दुःख होतं तरी लावलं, बी मरू नये म्हणून. कोणाला सांगितलं नाही."

सुदेश शिडीवरून उतरला.

पद्मा म्हणाली, "त्या वर्षीसुद्धा आणलं होतं गो. ह्याच सुपलीत. दारात आले तर तुम्ही बाजारचं बांधून मोकळ्या. माझ्या तोंडातून ते गेलं, बाजारचं बांधलं म्हणून. मग सुपली तशीच परत नेली. तुम्ही सगळ्या माझ्याकडे अशा बघत होता."

मी म्हटलं, "बस. चहा घे."

"बसते. ह्या वर्षी वेल भरून तवशीं धरली होती वयनी. श्रावणात काय झालं कोण जाणे, एवढ्या गोगलगायी जन्मात बघितल्या नव्हत्या. आभाळातून पडल्यासारख्या. सगळं खाल्लं. हे एक ह्यांच्या बनियनच्या बाहीत घालून छपराला टांगलं, म्हणून वाचलं."

गोकुळदास मागे उभा होता, म्हणाला, "नवी बनियन गेली माझी!" सगळे हसले.

मग पद्मानं सुपलीच्या कोपऱ्यातून काहीतरी काढलं. फडक्यानं पुसून स्वच्छ केलेला एक रिकामा शंख. माझ्या तळहातावर ठेवला. शंखावर डाळिंबी ठिपका.

"तुमची ही माझ्याकडे राहिली होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चहाचा कप उचलला आणि बशीत ओतला.

गौरवीनं शंख बघितला. मग माझ्याकडे. मग हळूच म्हणाली, "व्हाळ ओलांडून."

मला वाटलं होतं गोगलगायीपेक्षा किळसवाणं काही नसतं. शंख कोरडा होता, धुतलेला होता, कसला वास नव्हता. पण हातात धरवेना. आणि टाकवेनाही. मी तो कनवटीला खोवला आणि सुदेशला म्हटलं, "चढ वर. मधोमध बांध. देठ जपून."

तो म्हणाला, "काकी बांधू देत."

पद्मा साठीची, गुडघे माझ्यासारखेच. शिडीवर दोन पायऱ्या चढली, मी खालून तिची साडी धरली. ती बांधत होती आणि मी वर बघत होते. खाल्लेली बाजू तिनं मागे वळवली. गणपतीला दिसू नये म्हणून की लोकांना, ते मी विचारलं नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

दीड दिवसाचा गणपती, काल बोळवण झाली. तवशें आम्ही कापलं नाही. पद्माच्या जनेलात, खिडकीत ठेवलंय, पूर्ण पिकू दे, मग बी राखेत. बी दोन घरांत, दोन बाटल्यांत. ती म्हणाली तीन, एक गौरवीला.

आज पहाटे बालदी घेऊन गेले. भिंतीला वळसा घालून पद्माच्या दारानं. केळीच्या गड्ड्यात वाकून उचलायला लागले. श्रावण संपलाय, तरी मीठ नेलं नव्हतं. आज त्या खऱ्याच व्हाळापलीकडे जाणार, गौरवी स्कूटरनं नेते म्हणाली.

पद्मा दात घासत बाहेर आली. "वयनी, माझ्या परसात काय करता?"

"घेऊन जाते माझ्या."

"तुमच्या कुठल्या, माझ्या कुठल्या, कसं कळणार?"

"मी ओळखते."

ती मशेरीचं पाणी थुंकून हसली. मग तीही वाकली. एक उचलून माझ्या नाकाजवळ आणली, "ही?" ठिपका अर्धा गेलेला, अर्धा राहिलेला. मी तोंड फिरवलं. "ही माझी. टाक बालदीत."

मग आम्ही दोघी उचलत बसलो. ती सांगत होती की तिलाही गोगलगायींचा वास मुळीच सहन होत नाही, जेवण जात नाही. मी म्हटलं, डोळे आत घेतात ते बघितलंस? ती म्हणाली, शी, सांगू नका. मग म्हणाली, कशा, दाखवा बघू. दाखवलं. दोघी किंचाळलो. मोत्या भुंकला, कोंबडी भिंतीवर चढून बघायला लागली.

गौरवी भिंतीपलीकडून विचारत होती, "आजये, वहीत लिहायचंय. तवशाच्या शेजारी काय चांगलं?"

"रोजां," मी ओरडून सांगितलं. "भिंतीच्या दोन्ही बाजूंना. आणि उपटायला गेले तर माझा हात धर."

तेवढ्यात पायाखाली काहीतरी गार, ओलं, मऊ लागलं. शी!